खांबावरचा माणूस आणि सोमवारची मीटिंग

लाइनमन होतो म्हटल्यावर लोक एकच विचारतात, खांबावर भीती वाटायची का. वाटायची. पण नोकरीतली बरीच वर्षं मला त्याहून नकोशी वाटायची ती सोमवारची मीटिंग. या अंकासाठी माझ्याकडे खांबावरचे थरारक अनुभव मागितले होते. मी मीटिंगबद्दल लिहितोय. संपादकांनी रागावू नये, थरार त्यातच आहे.

आमचं उपकेंद्र गेवराई तालुक्यात, उमापूरच्या बाजूला. नेमकं गाव लिहीत नाही, कारण यातली माणसं अजून नोकरीत आहेत. उपकेंद्र म्हणजे काय, ते आधी सांगतो. तिथे मोठ्या तारांनी वीज येते आणि चार-पाच वाटांनी गावोगावी जाते. त्या प्रत्येक वाटेला फीडर म्हणतात. कुठे तार तुटली, इन्सुलेटर फुटला, तर लाइनमन खांबावर चढतो. चढण्याआधी उपकेंद्रातला ऑपरेटर तो फीडर बंद करतो आणि लाइनमनला तशी परवानगी देतो. तिला आम्ही परमिट म्हणतो. काम झालं की लाइनमन परमिट परत करतो, मग ऑपरेटर फीडर चालू करतो. लाइनमनचा जीव या देण्याघेण्यावर असतो. खांबावर चढलेला माणूस ऑपरेटरला दिसत नाही आणि खांबावरच्याला ऑपरेटर दिसत नाही.

मीटिंग म्हणजे आम्ही सगळ्यांनी सकाळी दहाला जमायचं आणि साहेबांनी बोलायचं. मी अकरा साहेब बघितले. कुणी मवाळ, कुणी तापट, पण मीटिंग सगळ्यांची एकच. साहेब मागच्या आठवड्यात काय काय चुकलं ते वाचायचे, ज्याचं चुकलं त्याला उभं करायचे, बाकीचे खाली बघायचे. शेवटी "काही अडचण?" असं विचारून साहेब उठायचे. अडचण सांगितली तर ती आपल्याच गळ्यात पडते हे नव्या माणसालाही आठवडाभरात कळायचं. त्यामुळे अडचण कधी कुणाला नसायची.

मग वैशाली मॅडम आल्या. मूळच्या अंबाजोगाईच्या, वडील शाळेत शिक्षक. वय माझ्या थोरल्या मुलीएवढं. आमच्या शाखेला पहिल्यांदाच बाई अभियंता आली होती. काही जणांनी आपसात पैज लावली की सहा महिन्यांत बदली करून घेतील.

पहिल्याच सोमवारी त्यांनी घरचा जुना टीव्ही आणून भिंतीला लावला आणि आम्हाला आपापले मोबाइल काढायला सांगितलं. एका सॉफ्टवेअरची लिंक पाठवली. ती उघडली की मोबाइलवर आणि टीव्हीवर एक फळा यायचा, त्यात तीन रकाने. काय जमलं, काय अडलं, काय बदलायचं. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवरून चिठ्ठी लिहायची. लिहिताना ती कुणाला दिसत नाही. सगळ्यांचं लिहून झालं की मॅडम एक बटण दाबणार आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम टीव्हीवर येणार, नावाशिवाय. मग प्रत्येकाला तीन टिकल्या. ज्या चिठ्ठीवर बोलायला हवं असं वाटेल तिच्यावर त्या लावायच्या. जास्त टिकल्यांच्या विषयावर आधी बोलायचं, एका विषयाला सात मिनिटं, वर घड्याळ चालू. आणि शेवटी कुणी काय करायचं, कधीपर्यंत, याची यादी. पुढच्या सोमवारची मीटिंग त्या यादीनेच सुरू होणार.

मी मागे बसून हसत होतो. मॅडमनी विचारलं, "नाना, काय झालं?"

मी म्हणालो, "काही न्हाई मॅडम. लाइनमनच्या हातात पक्कड असती. त्याला टिकल्या लावायला पहिल्यांदाच सांगितलं."

त्याही हसल्या. सगळ्यांचं लिहून झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. टीव्हीवर पंधरा चिठ्ठ्या आल्या. चौदांवर लिहिलं होतं, "सगळं चांगलं हाय." पंधरावी रिकामी होती. ती माझी.

दुसऱ्या सोमवारीही तेच. लोकांना खात्री होती की मॅडमच्या मोबाइलमध्ये नावं दिसत असणार. तिसऱ्या सोमवारी मॅडमनी स्वतःचा मोबाइल टीव्हीला जोडला आणि सगळ्या खिडक्या एकेक करून उघडून दाखवल्या. नाव कुठेच नव्हतं. तरी कुणी लिहीना. त्यात आमच्यापैकी निम्म्यांना मराठी टाइप करता येत नव्हतं. मॅडमनी बोलून लिहायचं बटण दाखवलं. मग मंडळी आवारात चार दिशांना पांगून, मोबाइल तोंडाशी धरून, हळू आवाजात बोलू लागली.

त्या दिवशी चिठ्ठी आली, "वस्तीच्या डीपीवरचं झंपर सारखं निसटतंय, कुणी बघत न्हाई."

खांबावर एका तारेतून दुसरीत जोड देतो त्या तुकड्याला आम्ही जंपर म्हणतो. मोबाइलने त्याचं झंपर, म्हणजे बायकांचं पोलकं, करून टाकलं होतं. सगळे मॅडमकडे बघायला घाबरत होते. मॅडमनी ती चिठ्ठी शांतपणे मोठ्याने वाचली, एक क्षण थांबल्या आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागल्या. मग जे काही हसू फुटलं, ते बाहेर फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल. इतक्या वर्षांत त्या खोलीत साहेब आणि लाइनमन एकत्र हसल्याचं मला आठवत नाही. जंपर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. ते माझ्याच भागातलं होतं आणि मी ते खरोखर टाळत होतो, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर एक चिठ्ठी आली की मीटिंगला खुर्च्या कमी आहेत आणि त्या म्हाताऱ्यांनाच मिळतात. मॅडमनी ते काम स्वतःच्या नावावर लावलं. पुढच्या सोमवारी सहा खुर्च्या आल्या होत्या. पण मला वाटतं, माणसं खुर्च्यांमुळे बदलली नाहीत. यादीत साहेबाचं नाव, समोर तारीख, आणि त्या तारखेला काम झालेलं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग हातमोजे फाटल्याची चिठ्ठी आली, खांबावर चढायचा पट्टा जुना झाल्याची आली, एका गावात दारू पिऊन शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे एकट्याने जायचं नाही अशी आली. मीटिंग दोन तासांची पाऊण तासावर आली. मीही लिहू लागलो. कबूल मात्र कुणाजवळ केलं नाही.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

पावसाळ्याआधीची देखभाल चालू होती. शेतीच्या फीडरवर मी एका टोकाला फांद्या तोडून तारा ताणत होतो. सकाळी मी ऑपरेटर रफिकभाईंना फोन करून फीडर बंद करून घेतला होता. रफिकभाई आमचे जुने ऑपरेटर, माझ्याहून चार वर्षांनी लहान, शांत माणूस. तासाभराने अंकुश या आमच्या तरुण लाइनमननेही त्यांना फोन केला. त्याला त्याच फीडरवर, माझ्यापासून सात किलोमीटर दूर, फुटका इन्सुलेटर बदलायचा होता. "नानांचं परमिट हायच ना, त्यातच मीबी करून घेतो," असं तो म्हणाला. रफिकभाई हो म्हणाले. मला हे ठाऊक नव्हतं. त्याच वेळी दुसरा फीडर बंद पडला आणि रफिकभाई त्याच्या मागे लागले.

दुपारी माझं काम संपलं. मी फोन केला, "माझं झालं, घ्या." त्यांनी फीडर चालू केला.

अंकुश तेव्हा खांबाखाली होता. पाना हातातून निसटून बांधावर पडला म्हणून तो उतरला होता. पाना उचलायला वाकला आणि शेजारच्या विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. तिला वीज आली की चालू होणारं स्वीच होतं. पाइपातून पाणी पडायला लागलं. अंकुशने त्या पाण्याकडे बघितलं, मग वर तारेकडे बघितलं. तो नंतर सांगत होता की तो जागीच खाली बसला आणि मोटारीचं पाणी चपलेत येईपर्यंत उठला नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं उपकेंद्रामागच्या लिंबाखाली भेटलो. रफिकभाईंनी अंकुशचे दोन्ही हात धरले आणि सोडेनात. अंकुशच म्हणाला, जाऊ द्या, मला काही झालं नाही. मी सगळ्यांत मोठा. मी ठरवून टाकलं की हे इथंच मिटवायचं. वर कळलं तर रफिकभाई निलंबित होणार, अंकुशला नोटीस येणार. माझं काय होणार, हे मी बोललो नाही. पण मनात तेही होतं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

सोमवारी मॅडमनी बटण दाबलं आणि "काय अडलं"च्या रकान्यात एक चिठ्ठी आली.

"गुरुवारी माणूस मरता मरता वाचला. कुणी बोलनार का?"

मी अंकुशकडे पाहिलं, त्याने मान हलवली, त्याची नव्हती. रफिकभाई जमिनीकडे बघत होते. मग टिकल्या पडायला लागल्या. टीव्हीवर त्या एकेक करून उमटतात. दहा झाल्या, वीस झाल्या, पस्तीस झाल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही तिघं ज्याला गुपित समजत होतो ते चार दिवस सगळ्या शाखेत फिरत होतं आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ती चिठ्ठी कुणाची ते मला आजही माहीत नाही.

मॅडमना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता विचारणार, कोण होता. त्यांनी घड्याळ बंद केलं आणि टीव्हीवर एक आडवी रेघ काढली. म्हणाल्या, "कोण चुकलं ते मला आज नकोय. गुरुवारी सकाळपासून काय काय घडलं, ते क्रमाने लावू. ज्याला जेवढं माहीत आहे तेवढं त्याने सांगावं."

इथे मला मुरलीचं सांगावं लागेल. मी नोकरीला लागलो तेव्हा मुरली माझा जोडीदार होता. एका जेवणाच्या डब्यात आम्ही दोघं जेवायचो. तो असाच लाइन बंद आहे समजून खांबावर चढला आणि चालू तारेला लागून गेला. चौकशी झाली, आणि मृताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, असं त्यात लिहिलं गेलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मुरली मला म्हणाला होता की दोन फीडर एकाच खांबावरून गेलेत, एक बंद केला तरी दुसरा चालू राहतो, हे एकदा साहेबाला सांगायला पाहिजे. सोमवारच्या मीटिंगमध्ये "काही अडचण?" विचारलं तेव्हा तो गप्प बसला. मीही. चौकशीत साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी काही खोटं लिहिलं नाही. फक्त तेवढं एक वाक्य सांगितलं नाही.

त्या सोमवारी टीव्हीवरची ती रिकामी रेघ बघत असताना मला मुरलीचा डबा आठवत होता. मी उठलो.

"मॅडम, तो फोन माझा होता," मी म्हणालो. "लाइन घ्या म्हणून मीच सांगितलं. आन् फोनवर परमिट घ्यायची सवयबी या शाखेला मीच लावली. मोबाइल नवीन आलते तवा. आधी कागद न्यायला-द्यायला उपकेंद्रात यावं लागायचं. मला वाटलं, केवढा येळ वाचवला मी."

मग मुरलीचंही सांगितलं. सगळं. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं ते.

खाली बसलो तेव्हा रफिकभाई उभे राहिले आणि त्यांनी त्यांचं सांगितलं. मग अंकुशने. मॅडम प्रत्येक गोष्ट वेळेप्रमाणे रेघेवर लावत गेल्या. तासाभरात रेघ भरली. ती भरल्यावर जे दिसलं ते आम्हा कुणालाच आधी दिसलं नव्हतं. एका परमिटवर दोन माणसं होती. तारा जमिनीला जोडून ठेवायची साखळी, जिच्यामुळे चुकून वीज आली तरी खांबावरचा माणूस वाचतो, ती शाखेत एकच धड होती आणि त्या दिवशी माझ्याकडे होती. दुसरा फीडर बंद पडला तेव्हा ऑपरेटर एकटा होता आणि त्याच्या टेबलावर लिहिलेलं काही नव्हतं, सगळं डोक्यात होतं. आम्ही लिंबाखाली बसून रफिकभाईंची चूक झाकत होतो. ती एकट्या रफिकभाईंची नव्हतीच.

उपाय लोकांनीच चिठ्ठ्यांवर लिहिले. परमिट कागदावरच. एका कामाला एक कागद, जरी फीडर तोच असला तरी. कागद ज्याने नेला त्यानेच आणून द्यायचा. सगळे कागद हातात आल्याशिवाय ऑपरेटरने फीडरला हात लावायचा नाही. मी विरोध केला. एवढं बोलूनही केला. येण्याजाण्यात तास जाईल, गावं ओरडतील, पिकाला पाणी द्यायच्या दिवसांत लोक अंगावर येतील, असं म्हणालो. मॅडमनी वाद घातला नाही. यादीत लिहिलं, "पंधरा दिवस करून बघू, मग पुन्हा मत घेऊ." साखळ्यांचं काम स्वतःच्या नावावर घेतलं. आठव्या दिवशी तीन नव्या साखळ्या आल्या.

झालेल्या प्रकाराची टिपणी त्यांनी वरच्या कार्यालयात पाठवली, तीही नावाशिवाय. वरून नावं विचारणारा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, काय घडलं ते सगळं लिहिलंय. नावं हवी असतील तर पहिलं माझं घाला, शाखा माझी आहे." फोन ठेवला आणि पाणी प्यायल्या. त्याच दिवशी मी पैजवाल्यांना सांगून टाकलं की बदलीचं आता बोलायचं नाही.

पंधरा दिवसांनी मत घेतलं. चौदा जणांनी कागद ठेवावा म्हटलं, एकाने नको. तो एक मी होतो. नाव दिसत नसलं तरी सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. मला अजूनही वाटत होतं की हे फार हळू चालतं.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी, लग्नसराईत, एका मंगळवारी मी गावच्या फीडरवर एका वाकलेल्या खांबावर काम करत होतो. काम अवघड होतं, दुपार टळली. कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. काम संपलं, उतरलो, उपकेंद्रात जाऊन कागद दिला. रफिकभाईंनी तो घेतला, वहीत लिहिलं, फीडर चालू केला. चहा पाजला. मी घरी गेलो.

पुढच्या सोमवारी "काय जमलं"च्या रकान्यात एक चिठ्ठी होती.

"मंगळवारी दोन वाजता मंगल कार्यालयाची वीस-पंचवीस माणसं लाइन चालू करा म्हणून आत घुसली. मोठ्या माणसाचा फोनबी आलता. लाइन घेतली न्हाई. एक कागद यायचा व्हता."

मी ती दोनदा वाचली. मंगळवारी दोन वाजता माझे दोन्ही हात तारेवर होते. मला खांबावर थोडासा वारा लागत होता आणि लांबून बँडचा आवाज येत होता, एवढंच आठवत होतं.

माझ्या तिन्ही टिकल्या मी त्या एका चिठ्ठीवर लावल्या. मॅडमनी विचारलं, यावर कोण बोलणार. बाकीच्यांनी सांगितलं मग. त्या लोकांनी रफिकभाईंची कॉलर धरली होती. फीडर जिथून चालू करतात त्या पॅनलच्या खोलीला रफिकभाईंनी कुलूप लावलं, किल्ली मोज्यात घातली आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. मॅडम बीडला बैठकीला गेल्या होत्या, त्यांचा फोन लागत नव्हता. ती माणसं शेवटी शिव्या देत निघून गेली, तरी मी येईपर्यंत रफिकभाई दोन तास तसेच बसून होते. आणि मी आलो तेव्हा त्यांनी मला चहा पाजला.

मीटिंग संपल्यावर मी त्यांना बाहेर गाठलं. विचारलं, रफिकभाई, त्या दिवशी मला कावून नाही सांगितलं?

"काय सांगायचं, नाना?" ते म्हणाले. "कागद तुमच्या खिशात व्हता. माझ्याकडं लाइन चालू करायला काय व्हतं?"

मी त्यांचा हात धरला. त्यांची ड्यूटी सुरू व्हायची वेळ झाली होती, म्हणून सोडला.